मोबाइलवर केलेला व्हिडिओ ‘खरा’ नसतो का?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावर आली आहेत : मालिका, सिनेमे, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) यांतल्या क्लिपा घेऊन, गाण्यावर कापून केलेले फॅन व्हिडिओ, आणि ते करणाऱ्यांमधली उच्चनीचता. तिन्ही पत्रं ठाणे-नवी मुंबईतली आहेत. ती एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, वाशीला एस.वाय.ला शिकते. माझ्या आवडत्या मराठी मालिकेतल्या जोडीचे फॅन व्हिडिओ करते, सगळं फोनवरच, काइनमास्टर आणि अलाइट मोशन या एडिटिंगच्या ॲपमध्ये. इथल्या एडिटरांचा एक ग्रुप आहे. त्यांनी सगळ्यांनी मिळून एकच व्हिडिओ करायचा ठरवला, तेव्हा मीही नाव दिलं. ॲडमिननं सगळ्यांसमोर लिहिलं, “मोबाइलवाले नकोत. आधी पीसीवर ये, आफ्टर इफेक्ट्स शीक, मग बघू. आणि सीरियल काय घेऊन आलीस?” खाली बऱ्याच जणांनी हसणारे इमोजी टाकले. त्यानंतर मी काही केलेलं नाही. बाबांकडे लॅपटॉप मागणं सध्या शक्य नाही. शेवटचा व्हिडिओ सोबत पाठवते. खरं सांगा, फोनवर केलेलं काम कमी प्रतीचं असतं का? – एक वाचक, ऐरोली

तुझा व्हिडिओ आधी फोनवर पाहिला. मग कामावरच्या मोठ्या मॉनिटरवर लावून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. कसा झालाय ते आधी सांगते, ग्रुपचं नंतर.

४१व्या सेकंदाला ती स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभी आहे. गाण्याची ओळ तिथं संपते आणि ढोलकीची थाप पडते. दहांतले नऊ जण थापेवर कट मारतील. तू मारला नाहीस. थाप जाऊ दिलीस, तिची नजर खाली जाईपर्यंत थांबलीस, आणि नजर झुकली त्या क्षणी त्याच्या रिकाम्या खुर्चीवर गेलीस. मूळ मालिकेत ही दोन दृश्यं एकमेकांजवळही नसणार, दोन्हींतल्या उजेडावरून ते कळतं. पण तुझ्या व्हिडिओत ती त्याच खुर्चीकडे बघत होती, आता बघवेना म्हणून तिनं मान खाली घातली, असा अर्थ तयार झाला. थाप सोडून नजरेवर कट घ्यायचा हा निर्णय तुझा आहे. तो घेणारं बटण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. मी घोडबंदर रोडवर शूट होणाऱ्या मालिका रोज कापते. नवीन मुलांना कट कुठे टाळायचा हे शिकवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. तुला ते येतं.

आता चुका. पहिली : तो ओसरीवरून चालत जातो तो शॉट गचके खातो. आपल्याकडचं टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. तुझा प्रोजेक्ट ३० फ्रेमचा आहे. म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दिसतात, आणि कॅमेरा किंवा माणूस आडवा सरकत असला की ते डोळ्याला खटकतं. प्रोजेक्ट उघडतानाच फ्रेम रेट २५ निवड. क्लिप स्क्रीन रेकॉर्डिंग करून घेत असशील तर ते बंद कर. त्यात फ्रेमचा वेग एकसारखा राहत नाही आणि आवाज हळूहळू चित्रापासून सुटत जातो.

दुसरी : ६५व्या सेकंदानंतर प्रत्येक थापेवर हादरा आणि फ्लॅश आहे, तरी कट थापेच्या किंचित मागे-पुढे पडतायत. त्याचं कारण साधं गणित आहे. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोक्यांचा असला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. २५ फ्रेममध्ये अर्धा सेकंद म्हणजे साडेबारा फ्रेम. अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणून एकदा बारावर, एकदा तेरावर कापायचं. सगळे कट बारावर ठेवलेस तर दर दोन ठोक्यांना एक फ्रेम घसरते आणि दहा-बारा कटांनंतर ती घसरण स्पष्ट दिसायला लागते. हे फोनवर जितकं खरं, तितकंच लाखाच्या कॉम्प्युटरवरही.

तिसरी : वाहिनीचा लोगो झाकायला तू कोपऱ्यात जो धूसर चौकोन ठेवलायस, तो दर क्लिपला जागा बदलतो, कारण प्रत्येक क्लिप तू वेगळी मोठी केलीयस. सगळ्या क्लिपा एकाच मापानं मोठ्या कर, नाहीतर लोगो सरळ राहू दे. उड्या मारणाऱ्या चौकोनापेक्षा स्थिर लोगो कमी दिसतो.

यातली एकही चूक फोनची नाही. तिन्ही आज संध्याकाळी त्याच फोनवर दुरुस्त होतील.

पीसीवाल्यांचं म्हणणं सगळंच खोटं आहे, असंही मी म्हणणार नाही. खूप थर असलेलं काम, बारीक मास्किंग (चित्रातला एकच भाग कापून वेगळा काढणं), रंगाचं काटेकोर काम यांना मोठा पडदा आणि ताकदीचं मशीन लागतं. पुढे कधी लॅपटॉप आलाच तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही पुष्कळ पुरते, फक्त ती चालवायला मशीन दणकट हवं. पण तू आज जे करतेस त्याला यातलं काहीच लागत नाही. तेव्हा बाबांना त्यासाठी अडचणीत टाकू नकोस.

आता तुझ्या ॲडमिनला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट. हा छंद जन्माला आला तेव्हा तो करणाऱ्यांकडे धड साधनंच नव्हती. १९७५ साली अमेरिकेत कँडी फाँग नावाच्या बाईंनी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चित्रांच्या स्लाइड गाण्याबरोबर प्रोजेक्टरवर दाखवल्या, चाहत्यांच्या मेळाव्यात. फॅन व्हिडिओंचा इतिहास सांगणारे सुरुवात तिथून धरतात. हलतं चित्रसुद्धा नव्हतं त्यात. १९८२ साली जिम कापोस्टास या एकवीस वर्षांच्या तरुणानं दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून पहिला ॲनिमे म्युझिक व्हिडिओ केला. हिंसेची दृश्यं आणि खाली प्रेमाचं गाणं, अशी गंमत होती ती.

पुढची वीसेक वर्षं हे काम घरोघरी दोन व्हीसीआरवरच चाललं, आणि मालिकांचे व्हिडिओ करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. रेकॉर्डिंग थांबवलं की मशीन टेप थोडी मागे घ्यायचं. किती मागे, ते प्रत्येक मशीनचं वेगळं. त्या बाया स्टॉपवॉच लावून आपल्या मशीनचा तो फरक मोजून काढायच्या आणि तेवढं धरून कट मारायच्या. पॉजवर ठेवलेलं मशीन साधारण पाच मिनिटांत आपोआप सुटायचं, म्हणजे पुढची क्लिप तेवढ्या वेळात शोधून लावायची. कॉपीची कॉपी झाली की चित्र आणखी मातकट. हे सगळं करून एखादी नजर, एखादा हात बरोबर सुरावर आणायचा. या छंदाची सगळी भाषा त्यांनी तशी घडवली. ‘आधी पीसीवर ये’ ही अट लावली असती तर त्यातली एकही आत आली नसती.

मग कॉम्प्युटर आले आणि टेपवाल्यांनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. २००० साली विंडोजबरोबर मूव्ही मेकर हा साधा एडिटिंग प्रोग्रॅम फुकट मिळायला लागला, तर प्रीमिअर हा व्यावसायिक प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी मूव्ही मेकरवाल्यांना हिणवलं. मूव्ही मेकर २०१७ साली बंद झाला. आता पीसीवाले मोबाइलवाल्यांना हिणवतात. माझ्या धंद्यातही मी हे जवळून पाहिलंय. मी शिकायला लागले तेव्हा टेपवरून टेपवर एडिट व्हायचा. मधला एक शॉट वाढवायचा ठरला तर पुढचं सगळं नव्यानं लावावं लागायचं. कॉम्प्युटर आल्यावर आमचे काही वरिष्ठ म्हणायचे, माऊस हलवला म्हणजे एडिटर झाला का? फार मेहनतीनं मिळवलेली गोष्ट दुसऱ्याला सहज मिळताना पाहणं माणसाला जड जातं. ते दुःख मला कळतं. पण ते नवीन मुलीच्या अंगावर काढायचा हक्क त्यातून मिळत नाही.

राहिलं ‘सीरियल काय घेऊन आलीस’. याचा मला मनापासून राग आला. या मंडळींची एक उतरंड ठरलेली दिसते : वर ॲनिमे आणि परदेशी सुपरहिरो, मग क्रिकेट, मग हिंदी सिनेमा, आणि तळाला मराठी मालिका. कारण मालिका आई बघते, आजी बघते, ताई बघते. एरवी कारण काय? भावना दाखवणारे जवळचे शॉट मालिकेत भरपूर मिळतात, पण ते लांबलेले असतात आणि एकच प्रतिक्रिया तीन-तीनदा दाखवलेली असते. त्यातून नेमकी पाऊण सेकंदाची नजर वेचून काढणं अवघड काम आहे. मारामारीच्या दृश्यात गती आयती मिळते. मालिकेत ती तुला तयार करावी लागते, आणि तू ती केलीयस.

तर आता असं कर. तीन दुरुस्त्या कर आणि व्हिडिओ त्याच ग्रुपवर टाक. खाली फोन, ॲप, वय, माफी, काहीही लिहू नकोस. एवढंच लिही : ‘कुठल्या सेकंदाला काय खटकलं ते सांगा.’ सेकंदासह सांगणारे जे दोघं-चौघं निघतील ते तुझे. बाकीच्यांना उत्तर द्यायची गरज नाही. त्या दोघा-चौघांना घेऊन तुमचा वेगळा एकत्र व्हिडिओही करता येईल. त्याला कुठल्या ॲडमिनची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मी आठ-नऊ वर्षं ॲनिमेचे फॅन व्हिडिओ करतो आहे. नोकरीवरून आल्यावर रात्री बसून एकेका सेकंदावर काम करतो. आता नवीन मुलं कुणाचीतरी तयार प्रोजेक्ट फाइल (इफेक्ट आणि कट आधीच बसवलेली) उतरवतात, आपल्या क्लिपा त्यात टाकतात आणि दहा मिनिटांत मोकळी. लाइक त्यांनाच. माझा एक इफेक्ट एकानं जसाच्या तसा उचलला, नावही दिलं नाही. यावर बोललो की आम्ही ‘गर्विष्ठ सीनियर’. दर्जा मागणं हा गुन्हा आहे का? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

दर्जा मागणं हा गुन्हा मुळीच नाही, आणि तुमची तक्रार एका बाबतीत शंभर टक्के खरी आहे. दुसऱ्यानं रात्री जागून बनवलेला इफेक्ट बिननावानं वापरणं ही लबाडीच आहे. तिथं गप्प बसू नका. त्या मुलाला आधी खासगीत लिहा, दोन्ही व्हिडिओंचे सेकंद देऊन. ऐकलं नाही तर उघड लिहा. पण लिहा त्या एका कृतीबद्दल. ‘आजकालची मुलं’ असं सुरू केलंत की मूळ मुद्दा हरवतो आणि ज्यांनी काही केलं नाही तेही दुखावतात.

आता दुसरा भाग. मालक स्वतःहून प्रोजेक्ट फाइल वाटतो तेव्हा ती उतरवून त्यात क्लिपा भरणं ही नक्कल खरी, पण ती शिकण्याची पहिली पायरी असते. गाणं शिकणारी मुलं आधी गुरुजींची तान जशीच्या तशी घेतात, तसंच हे. ती मुलं त्याच फाइलमध्ये वर्षभर अडकली तर काळजी करावी. मात्र कुणीतरी त्यांना ती फाइल उघडून दाखवायला हवी : हा कीफ्रेम, म्हणजे इफेक्ट जिथं बदलतो ती खूण, इथं का आहे, वेग इथं कमी करून पुढे का वाढवलाय. ते तुम्हाला दाखवता येईल, कारण तुम्ही ते हातानं केलंय.

या छंदात पैसा नाही. दुसऱ्याच्या चित्रांवर आणि गाण्यांवर केलेलं काम विकताही येत नाही. म्हणून मान हीच इथली कमाई, आणि ती राखताना चांगली माणसंसुद्धा फार कडक होतात. माझ्या ओळखीच्या काही उत्तम एडिटरांचं असं झालेलं मी पाहिलंय. त्यांच्या ग्रुपवर नवं कुणी येईना, मग दाद द्यायलाही कुणी उरलं नाही. तुमचं काम समजू शकणारा माणूस तुम्हालाच घडवावा लागणार. लाइकांच्या आकड्याला ते समजणार नाही.

तुमच्या ग्रुपवाल्यांना करून बघण्यासारखी एक गोष्ट सुचवते. नौपाड्यात माझा संध्याकाळचा वर्ग असतो. तिथं आम्ही मुलांचे व्हिडिओ नावं झाकून आणि क्रम बदलून लावतो. कोणी केला, कशावर केला, काही सांगायचं नाही. प्रत्येकानं एक आवडलेला आणि एक नावडलेला कट सेकंदासह लिहायचा. सगळं झाल्यावर नावं उघडायची. फोनवरचा कुठला आणि पीसीवरचा कुठला, हे ओळखायला सांगितलं की मुलं सतत चुकतात, आणि ही चांगली तयारीची मुलं आहेत. ओळखू येतो तो आळस. प्रत्येक कटावर तोच झटका, तोच फ्लॅश. तो दोन्हीकडे सारखाच सापडतो. तुमच्यासारख्या माणसानं त्या आळसावर बोट ठेवायला हवं, आणि तिथं हवं तेवढं कडक व्हावं. तळावपाळीवर गप्पा मारायला जमताच ना? त्यातली एक संध्याकाळ कुणाच्यातरी घरी, मोठ्या टीव्हीवर अशी घालवून बघा.

आणखी एक. नवीन मुलाला ‘बकवास’ लिहायला दोन सेकंद लागतात. ‘१८व्या सेकंदाला गाणं थांबलंय, पण पात्राचे ओठ हलतायत, तिथं दुसरा शॉट शोध’ हे लिहायला दोन मिनिटं. तुमच्याकडे आठ-नऊ वर्षांचा हिशेब आहे. तो अशा दोन-दोन मिनिटांत वाटा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, दिवसभर हे फॅन व्हिडिओ करते. मोठा मुलगा शॉर्ट फिल्म करतो, तो तिला म्हणतो, “आम्ही शूट करतो, तू चोरतेस.” घरात रोज वाद. गेल्या महिन्यात तिचा एक व्हिडिओ यूट्यूबनं अडवला. हे बेकायदेशीर आहे का? तिला थांबवावं का? – एक पालक, नेरूळ

थांबवू नका. अभ्यासाच्या वेळा ठरवून द्या, तो तुमचा हक्कच आहे.

कायद्याचं जेवढं ठाम सांगता येतं तेवढं सांगते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कलाकृतीचा रास्त वापर करायला मुभा आहे. फॅन व्हिडिओचं नाव घेऊन दिलेली वेगळी सूट त्यात नाही. अमेरिकेत २०१० साली, बिगरव्यापारी व्हिडिओत टीका किंवा भाष्यासाठी छोटे तुकडे घ्यायला डीव्हीडीचं कुलूप (कॉपी रोखणारी सोय) उघडण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी फॅन व्हिडिओ करणाऱ्यांच्या बाजूनं तिथल्या संस्था सरकारसमोर उभ्या राहिल्या होत्या. आपल्याकडे फॅन व्हिडिओसाठी अशी वेगळी परवानगी दिलेली नाही. म्हणून मुलीला दोन गोष्टी पक्क्या सांगा : यातून पैसे कमवायचे नाहीत, आणि संपूर्ण प्रसंग किंवा भाग उचलून टाकायचा नाही.

यूट्यूबनं अडवलं म्हणजे गुन्हा नोंदला, असं नाही. तिथं गाणं किंवा चित्र आपोआप ओळखणारी यंत्रणा आहे, ती २००७पासून चालते. तिनं ओळखलं की ‘क्लेम’ येतो. त्यात व्हिडिओ अडतो किंवा त्याच्या जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, चॅनलला धोका नसतो. ‘स्ट्राइक’ वेगळा. मालक रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावतो तेव्हा तो येतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. तिला नेमकं काय आलंय ते तिच्या खात्यात बघा.

मुलाला माझ्याकडून एक विचारा. त्याच्या शॉर्ट फिल्मचा एडिट कोण करतं? शूट केलेल्या ढिगातून काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कुठं थांबायचं, हेच त्याची बहीण रोज करते, आणि तिला हवा तो शॉट पुन्हा घ्यायची सोयसुद्धा नाही. त्यानं त्याचं पुढचं फुटेज तिला एकदा कापायला द्यावं. दोन दिवसांत घरातला वाद मिटेल असं मी म्हणत नाही, पण मग तो निदान कामाबद्दल होईल.

तिच्या प्रोजेक्टच्या फाइली आणि मूळ क्लिपा एका पेन ड्राइव्हवर वेगळ्या ठेवायला सांगा. चॅनलला काहीही झालं तरी काम हातात राहील.